खोकं मोठं, सोंगटी छोटी

दोस्तांनो, आज अभ्यासाचं काही नाही. एक छोटंसं काम मात्र करायचंय. घरात बैठ्या खेळांचं एखादं खोकं असेलच. व्यापार असेल, सापशिडी असेल, स्क्रॅबल असेल, नाहीतर हल्ली मिळणाऱ्या परदेशी खेळांपैकी एखादा. ते कपाटावरून खाली काढा. (आईला विचारून हं! आणि स्टुलावर चढताना कुणाला तरी स्टूल धरायला सांगा.) आता झाकण उघडा आणि बघा, आत सामान किती आणि नुसती हवा किती?

बघितलंत? निम्म्याहून जास्त हवाच निघाली ना?

माझ्या भाचीची परवा अशीच निराशा झाली. वाढदिवसाला तिला ‘कॅटन’ नावाचा खेळ मिळाला. हा खेळ क्लाउस टॉयबर यांनी तयार केला आणि १९९५ साली तो जर्मनीत पहिल्यांदा बाजारात आला. खोकं चांगलं हातभर रुंद. पण सामान बाहेर काढून सतरंजीवर मांडलं, तर डोंगर, शेतं, जंगलं दाखवणाऱ्या १९ षटकोनी चकत्या, समुद्राची चौकट, पत्त्यांचे दोन गठ्ठे, आणि लाकडी घरं-रस्ते. बस्स! ती म्हणाली, “आत्या, एवढं मोठं खोकं आणि आत हे एवढंसंच? फसवलं का गं आपल्याला?”

मी म्हटलं, “थांब, फसवलं की नाही ते आपण मोजून बघू.”

तुम्हीही मोजा माझ्याबरोबर. कॅटनचं खोकं साधारण ३० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ७ उंच. म्हणजे ६,३०० घन सेंटिमीटर. सहा लिटर पाणी मावेल त्यात! आता स्क्रॅबल घ्या. त्यात अक्षरांच्या १०० चकत्या असतात. एक चकती साधारण २ सेंटिमीटर लांब-रुंद आणि जास्तीत जास्त अर्धा सेंटिमीटर जाड. २ गुणिले २ गुणिले अर्धा, म्हणजे २ घन सेंटिमीटर. अशा शंभर चकत्या म्हणजे २००. नीट रचल्या तर पाणी प्यायच्या एका पेल्यात बसतील, आणि नुसत्या ओतल्या तर फार तर तांब्या लागेल. तरीही त्यांचं खोकं केवढं असतं! का बरं?

पहिलं कारण म्हणजे पट. पटाची घडी जेवढी, तेवढं खोकं. मोठा पट एकदाच दुमडला तर खोकं लांबट होतं, दोनदा दुमडला तर चौकोनी. मोनोपोलीचंच बघा ना. तुमच्या आई-बाबांच्या लहानपणी तिचं खोकं लांबलचक असायचं, कारण पटाला मधोमध एकच घडी. आता पटाला दोन घड्या घालतात आणि खोकं चौरस झालंय. पट तेवढाच, फक्त घडी बदलली!

दुसरं कारण दुकानातलं. खोकं म्हणजे नुसता डबा नव्हे, ती दुकानातली जाहिरातही असते. एवढ्याशा डबीवर चित्र काय काढणार आणि लांबून ते कुणाला दिसणार? शिवाय एकाच मापाची खोकी फळीवर आणि गोदामात एकावर एक नीट बसतात. आणि खरं सांगू? मोठं खोकं हातात आलं की आपल्यालाही वाटतंच, ‘वा! पैसे वसूल!’

तिसरं कारण गमतीचं आहे. बऱ्याच खेळांतल्या चकत्या आधी पुठ्ठ्याच्या सपाट पानांत अडकवलेल्या असतात. त्या आपण खुट्खुट् काढायच्या. पान सपाट असतं तोवर सगळं कसं शिस्तीत मावतं. चकत्या सुट्या झाल्या की त्यांचा ढीग होतो आणि ढिगाला जागा जास्त लागते. म्हणून कधीकधी उलटंही होतं. खेळ नवीन असताना नीट बसलेलं झाकण पहिल्या डावानंतर बोटभर वर राहतं.

म्हणजे भाचीला कुणी फसवलं नव्हतं. पण खोक्यातल्या रिकाम्या जागेनं मला मात्र एकदा फसवलंय. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. आजवर फार थोड्या जणांना सांगितली आहे.

आम्ही तेव्हा गिरगावात राहायचो, चाळीतल्या दोन खोल्यांत. माणसं सहा. आई, बाबा, आजी, मोठा दादा, मी आणि धाकटा. धाकट्याला नाव होतं, पण घरात सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. दोन खोल्यांत सहा माणसं म्हटल्यावर वस्तूंना जागा कुठली? कॅरम बोर्ड दाराच्या मागे उभा. त्याला खोकं नव्हतंच, कारण त्याची घडी होत नाही. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी अशा १९ सोंगट्या उदबत्तीच्या लांब पुड्यात घालून बाबा तो पुडा घड्याळामागे ठेवायचे. व्यापाराचं खोकं माळ्यावर. आणि आजीचा सारीपाट तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली.

आजी सावंतवाडीची. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी तिला सारीपाट दिला होता. तुम्ही पाहिलाय का कधी सारीपाट? अधिकाच्या चिन्हासारखा कापडी पट असतो. चार बाजूंना चार पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीत तीन ओळींत आठ-आठ, म्हणजे २४ घरं. चार पट्ट्यांची मिळून ९६. चार रंगांच्या चार-चार अशा १६ सोंगट्या. आजीच्या सोंगट्या लाखकाम केलेल्या लाकडाच्या होत्या. तांबड्या, हिरव्या, पिवळ्या आणि काळ्या. सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत ना, त्याच जातीचा रंग. काचेसारखा चकचकीत!

आणि या एवढ्या मोठ्या खेळाला खोकं केवढं? तर खोकं नाहीच! खेळ संपला की आजी सोंगट्या आणि सात कवड्या खणाच्या कापडाच्या पिशवीत घालायची, ती पिशवी पटावर ठेवायची, चारी पट्ट्या तिच्यावर दुमडायची आणि नाडीनं बांधून टाकायची. हातात मावेल एवढं गाठोडं. त्यात हवेला जागाच नाही. पटच खोकं!

मोठेपणी मला कळलं, की ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमध्ये १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना तूतनखामेन राजाचं थडगं सापडलं. त्यात सेनेट नावाच्या खेळाचे पट होते. लाकडी पेटीवर ३० घरांचा पट आणि पेटीच्या पोटात सोंगट्या ठेवायला ओढायचा खण. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कुणातरी आईनं म्हटलंच असेल, “खेळ झाला ना? मग उचला सगळं आणि खणात ठेवा!” तुमच्या घडीच्या बुद्धिबळाचंही तेच. पट मिटला की त्याचाच डबा होतो आणि आत ३२ मोहरे. सावंतवाडीच्याच गंजिफांचं बघा. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे बारा-बारा, म्हणजे १२० गोल पत्ते. ते ठेवायला सरकत्या झाकणाची लाकडी पेटी, तीही पत्त्यांइतकीच सुंदर रंगवलेली. पत्ते किती हे आधी आणि पेटी केवढी हे नंतर ठरवायचं, असा तो हिशेब.

आता माझ्या गोष्टीकडे येते.

१९८४ सालचा मे महिना. मी अकरा वर्षांची, धाकटा सहा. शेजारची मुलं जमली होती आणि व्यापाराचा डाव मांडायचा होता. आम्ही पाच जण आणि प्यादी चारच. एक कधीच हरवलं होतं. कुणी म्हणालं बटण घे, कुणी म्हणालं खडू घे. मला मात्र आजीच्या सोंगट्या आठवल्या. आजी दुपारची झोपली होती. मी हळूच ट्रंक उघडली, पिशवीत हात घातला आणि एक पिवळी सोंगटी काढली. विचारलं नाही. विचारलं असतं तर ती ‘नाही’ म्हणाली नसती, हेही मला माहीत होतं. पण उठवायचं कोण, आणि एका डावाचा तर प्रश्न!

डाव संध्याकाळपर्यंत चालला. मी जिंकत होते. पिवळ्या सोंगटीनं मला शहरांमागून शहरं मिळवून दिली. मग आईनं हाक मारली, “पानं घ्यायची आहेत, पसारा उचला!” आम्ही काय केलं असेल? तुम्ही जे करता तेच! नोटा, पत्ते, घरं, फासे सगळं दोन्ही हातांनी गोळा करून खोक्यात लोटलं, वर झाकण दाबलं, की झालं.

दुसऱ्या दिवशी आजीनं सारीपाट काढला. सोंगट्या लावल्या. पिवळ्या तीनच.

माझ्या पोटात धस्स झालं. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून व्यापाराचं खोकं उघडलं. पुठ्ठ्याचे कप्पे होते ना आत, त्यातला एकूण एक कप्पा चाचपला. नोटा झटकल्या. सोंगटी नाही. गॅलरीत शोधली, सतरंजी झाडली. नाहीच.

इकडे घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं. धाकटा! त्याला आजीच्या सोंगट्यांची रांग करून आगगाडी खेळायची सवय होती. “कुठे टाकलीस? मोरीत? गॅलरीतून खाली?” तो सारखं म्हणत होता, “मी नाही घेतली.” आधी रागानं म्हणाला, मग रडत म्हणाला, मग म्हणेनासा झाला. बाबांनी त्याला त्या दिवशी खाली खेळायला जाऊ दिलं नाही.

आणि मी? मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. सांगायला तोंड उघडलंही असेल एकदा. पण मनात हिशेब चालला होता, की सोंगटी सापडली की गुपचूप ठेवून देऊ. न सापडलेली सोंगटी कबूल करण्यापेक्षा सापडलेली कबूल करणं सोपं, नाही का? ती सापडली नाही आणि मी बोलले नाही. चार दिवस गेल्यावर बोलणं आणखी अवघड झालं. महिन्यानंतर तर अशक्यच.

आजी मात्र ओरडली नाही. तिनं बाटलीचं एक बूच घेतलं, विळीवर कापून सोंगटीएवढं केलं आणि त्याला हळद लावली. ती त्याला ‘पाहुणी’ म्हणायची. “पाहुणीचं दान पडलं,” “पाहुणी मेली, बसवा परत घरात.” हळद उडाली की पुन्हा लावायची. आम्ही हसायचो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायची. धाकटा खेळायला बसला तर पिवळा रंग कधीच घ्यायचा नाही. नऊ वर्षं असं चाललं. १९९३ साली आजी गेली.

१९९६ च्या मे महिन्यात आम्ही चाळ सोडून ठाण्याला राहायला गेलो. सामान बांधताना माळ्यावरून व्यापाराचं खोकं खाली आलं. पावसाळ्यांची ओल खाऊन त्याचे कोपरे फाटले होते. नोटांना लावलेली रबरं उष्म्यानं वितळून कागदाला चिकटली होती. ते रद्दीत द्यायचं ठरलं. पुठ्ठा वेगळा आणि कागद वेगळा करावा म्हणून मी आतला कप्प्यांचा पुठ्ठा उचलला.

दोस्तांनो, मी तेवीस वर्षांची होईपर्यंत मला माहीत नव्हतं, की तो पुठ्ठा म्हणजे खोक्याचा तळ नव्हता. खोकं मोठं आणि सामान थोडं, म्हणून सामान वर दिसावं यासाठी तो नुसता उंच ठेवलेला होता. खाली चार बोटं पोकळी. बाजूला सोंगटीएवढी फट. आणि पोकळीत एक फासा, दोन लाल घरं आणि आजीची पिवळी सोंगटी. अंधारात राहिल्यामुळे रंग जराही उडाला नव्हता. काल लाख चढवल्यासारखी दिसत होती.

धाकटा शेजारीच भांडी कागदात गुंडाळत होता. अठरा वर्षांचा. मी त्याच्या हातावर सोंगटी ठेवली आणि सगळं सांगितलं. दुपार, ट्रंक, पाचवं प्यादं, सगळं. वाटलं, चिडेल. त्यापेक्षा वाटलं, हसेल. बारा वर्षं झाली होती, आता कोण मनात ठेवतो?

तो सोंगटी बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, “आजीला सांगायला हवं होतंस, ताई.”

“तुला नको होतं?” मी विचारलं.

“मला माहीतच होतं ना, की मी घेतली नव्हती,” तो म्हणाला. “तिला माहीत नव्हतं.”

एवढंच बोलला आणि पुन्हा भांडी गुंडाळायला लागला. मला तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. सोंगटी सापडली होती, पण जिला ती द्यायची ती नव्हती. ‘सापडली की सांगू’ या माझ्या हिशेबात ही एक चूक राहून गेली होती.

तेव्हापासून मला एक सवय लागली. घरातल्या प्रत्येक खेळाच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवायची. आत काय काय आणि किती, ते आकड्यांत. खेळ उचलताना मोजायचं आणि मगच झाकण लावायचं. दोन मिनिटं लागतात. भाचीच्या कॅटनचीही आम्ही परवा चिठ्ठी केली.

आणखी दोन-चार गोष्टी अनुभवानं शिकले, त्याही सांगते. नवीन खेळ आणलात की कप्प्यांचा पुठ्ठा आधी उचलून बघा. खाली पोकळी असेल तर फट चिकटपट्टीनं बंद करा, किंवा पुठ्ठा सरळ काढून टाका आणि सामान पिशव्यांत ठेवा. पिशव्या करताना सगळी घरं एकीत आणि सगळे रस्ते दुसरीत असं करू नका. लाल रंगाचं सगळं एका पिशवीत, निळ्याचं दुसरीत असं करा. मग खेळायला बसलं की प्रत्येकाला आपापली पिशवी द्यायची, आणि खेळ संपला की ज्याची पिशवी त्यानं भरायची. पत्त्यांना रबर लावू नका, कागदाची पट्टी गुंडाळा. फाशांना औषधाची धुतलेली डबी उत्तम. कोकणात, मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात खोकी भिंतीला टेकवून ठेवू नका आणि ऊन पडलं की एकदा उघडून वारा द्या. झाकण सैल असेल तर खोकं उभं ठेवू नका. आडवंच ठेवा आणि जड खोकं सर्वांत खाली.

आणि आई-बाबांनो, एक विनंती तुम्हालाही. काही हरवलं की घरातल्या सर्वांत लहानाकडे बोट जातं. सवयच असते ती. तो ‘मी नाही घेतली’ म्हणाला, तर त्याच्यावर रागावण्याआधी खोक्याचा तळ एकदा उचलून बघा. आणि दाराच्या चौकटीला टेकून कुणी गप्प उभं आहे का, तेही बघा.

सारीपाट आता धाकट्याकडे आहे. दिवाळीत आम्ही जमतो तेव्हा पट पसरतो. पिवळा रंग तो घेतो. परवा त्याच्या लेकीनं पिशवी रिकामी केली, मोजलं आणि म्हणाली, “आत्या, हे बूच जास्तीचं आहे. टाकून देऊ?” तिचा बाबा म्हणाला, “नाही गं, ते ठेवायचं.” आणि त्यानंच तिला चिठ्ठी लिहायला सांगितली. पटाला झाकण नाही, म्हणून ती पिशवीतच ठेवली आहे. तिच्या गोल गोल अक्षरांत लिहिलंय:

सोंगट्या १६, कवड्या ७, पाहुणी १.